नाटकाचं हे तुझं पहिलं पोस्टर आहे ना, मग आधी एवढंच बघ

रंग मस्त जमलेत. पण नाटकाचं नाव, लेखक, तारीख सगळं एकाच जाडीत ओरडतंय. ओरडू दे फक्त नाटकाच्या नावाला. त्याच्या निम्म्या आकारात तारीख, वेळ आणि 'भरत नाट्य मंदिर, सदाशिव पेठ'. श्रेयनामावली बारीक चालते (मंडळी रुसतील, रुसू देत).

तिकिटाचा क्यूआर कोड तू वर लोगोशेजारी कोंबलायस. माणूस आधी काय, कधी, कुठे वाचतो, मग फोन काढतो. म्हणून कोड तारखेखाली घे, पांढऱ्यावर काळा, भोवती मोकळी जागा, शेजारी ठळक 'तिकीट काढा'.

नवखे हमखास करतात ते टाळ:
- चार-चार फॉन्ट. दोन पुरे.
- गजबजलेल्या फोटोवर थेट अक्षरं.

ग्रिड (मांडणीसाठी आखलेल्या उभ्या-आडव्या रेषा) वगैरे नंतर. व्हॉट्सॲपवर टाकताना मात्र लिंक वेगळी दे. आपल्याच फोनवरचा कोड कोण स्कॅन करत बसणार?