वाचक विचारतात : युनिस डिसूझांची समग्र कविता

प्रश्न : आमच्या वाचनालयात दहा-बारा जणी महिन्यातून एकदा जमतो. यंदा इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय कवयित्री युनिस डिसूझांची समग्र कविता घेतली. पहिल्याच बैठकीत वीसेक कविता झाल्या आणि सगळ्या एकाच वळणाच्या वाटायला लागल्या. कुठं चुकलं? (बेळगाव)

उत्तर : वीस कविता एका बैठकीत घेतल्या, तिथंच. या कविता बहुतेक छोट्या, ओळी तीन-पाच शब्दांच्या, आवाज कोरडा आणि शेवटाला टोक. तसं टोक लागोपाठ सहा-सात वेळा टोचलं, की मन पुढचं आधीच ताडायला लागतं आणि कविता ऐकायचं सोडून देतं. एका बैठकीला चार पुरे. प्रत्येक कविता दोनदा मोठ्यानं वाचा, दोन वेगळ्या आवाजांत, आणि दुसऱ्या वाचनानंतर मिनिटभर कुणी काही बोलू नका. चर्चा लगेच सुरू झाली की कवितेपेक्षा चर्चाच लक्षात राहते.

दुसरं म्हणजे, समग्र संग्रह हे एक पुस्तक नसतं, एका जिल्दीत बांधलेली अनेक पुस्तकं असतात. ‘अ नेकलेस ऑफ स्कल्स’ (पेंग्विन, २००९) वाचताना आतल्या संग्रहांच्या सीमा पाळा. ‘फिक्स’ १९७९चा, ‘विमेन इन डच पेंटिंग’ १९८८चा. मधली नऊ वर्षं कानाला ऐकू येतात. पहिल्यात पुण्या-गोव्याकडच्या कॅथलिक घरांवरचा राग आहे. दुसऱ्याच्या शीर्षक-कवितेत चित्रातल्या शांत गरोदर बायका आहेत आणि खऱ्या आयुष्यातल्या तशाच दोघी. तिथला आवाज पहिल्यांदा मऊ होतो, पण ‘फिक्स’ आधी वाचलेलं असेल तरच तो मऊपणा कळतो. म्हणून दोन बैठका ‘फिक्स’ला द्या, मगच पुढं जा. २०१६चं ‘लर्न फ्रॉम द आल्मंड लीफ’ २००९च्या जिल्दीत नाही. ते वेगळं मिळवावं लागेल.

प्रश्न : ‘डिसूझा प्रभू’ या कवितेचं मराठी करतोय. मी बाई आहे, पण आमच्याकडं बायकाही ‘आलो, गेलो’च म्हणतात. भाषांतरात तेच ठेवावं असं वाटतं. मैत्रीण म्हणते, पुण्याकडचा वाचक पुरुष समजेल. काय करू? (खानापूर)

उत्तर : तुमचा प्रश्न या कवितेच्या गाभ्यालाच हात घालतो. कवितेतली ‘मी’ म्हणते, मूळ खणून आपण डिसूझा-प्रभू, म्हणजे मूळच्या हिंदू प्रभू घराण्यातल्या, आहोत असं काही शोधत बसणार नाही. नाव ग्रीक, आडनाव पोर्तुगीज, भाषा परकी. पुढं येतं की आईबापांना मुलगा हवा होता आणि तिनं त्या कसोटीला उतरायचा प्रयत्न केला. त्यानंतर कपड्यांवरचे रक्ताचे डाग. इंग्रजी ‘आय’ला लिंग नाही. म्हणून ही बाई आहे हे कवितेच्या आत शरीरातून कळतं, क्रियापदातून नाही.

मराठीत ‘मी गेले’ लिहिलं की ते पहिल्याच ओळीत फुटतं. ‘मी गेलो’ लिहिलं तर पुण्याचा वाचक पुरुष धरून चालतो आणि रक्ताच्या डागांपाशी त्याला छापण्यातली चूक वाटते. खानापूरच्या वाचकाला मात्र त्या ‘गेलो’त पुरुष दिसतच नाही. एकच रूप दोन वाचकांना दोन उलट गोष्टी सांगतं. या कवितेत हा धोका घेऊ नका.

वाट मराठी व्याकरणातच आहे. ‘खणत बसणार नाही’ हे ‘-णार’चं रूप बाईपुरुष सांगत नाही. सकर्मक भूतकाळही सांगत नाही: ‘मी ऐकलं’, ‘मी डाग लपवले’, क्रियापद कर्माकडं बघतं, मीकडं नाही. आपण लंगड्या बदकांत मोडतो, ही ओळ अडवेल, कारण ‘बदकांतला’ की ‘बदकांतली’ हे ठरवावं लागतं. तिथं ‘माझी जागा लंगड्या बदकांत’ असं करा. मसुदा झाला की प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढून तपासा. डागांच्या आधी ‘मी’कडं बघणारं एकही ‘-ले’ किंवा ‘-लो’ राहता कामा नये. तुमचं ‘आलो-गेलो’ फेकून देऊ नका, लिंग लपवायचं नसेल अशा कवितेत ते शोभेल.

आणखी एक खोच ‘प्रभू’ची. हे आडनाव आहे हे सारस्वतांची घरं माहीत असलेल्या तुमच्या भागात सांगावं लागणार नाही. पण मराठी ख्रिस्ती बोलण्यात प्रभू म्हणजे येशू. शीर्षकात ‘डिसूझा-प्रभू’ अशी जोडरेघ ठेवा आणि आत, हा प्रभू मूर्ख नव्हता अशी ओळ येते तिथं, ‘तो प्रभू काही खुळा नव्हता’ म्हणा. ‘खुळा’ शब्द इथं अगदी चपखल बसतो.

‘कॅथलिक मदर’ घ्याल तेव्हा शेवट सांभाळा. नवऱ्याचं कौतुक चाललेलं असतं, तो चर्चचा आधारस्तंभ, आणि बायको काही बोलत नाही. मराठीत क्रियापद आपोआप शेवटी येतं, त्यामुळं ‘बोलत नाही’ नेमकं जागेवर पडतं. बिघडतं ते ‘बिचारी’ घातल्यामुळं. मूळ कवितेत दया दाखवणारा एकही शब्द नाही. तसंच डच चित्रांच्या कवितेत एकीचा आवाज ओट आणि मधासारखा आहे. त्याला ‘अमृत’ करू नका. ‘ओटची पेज आणि मध’ म्हणा. पेज म्हटलं की ऊबदार, साधं, पोटाला धरणारं काही डोळ्यांपुढं येतं, आणि तिथं तेच हवं आहे.

प्रश्न : दिवाळी अंकात अशा दहा भाषांतरांचा विभाग करायचा आहे. परवानगी लागते का? (निपाणी)

उत्तर : लागते. डिसूझा २०१७मध्ये वारल्या. भारतात कवीच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०७७ संपेपर्यंत. आणि भाषांतराचा हक्कही त्यातच येतो. प्रकाशकाच्या हक्क विभागाला लिहा. पत्रात कवितांची नावं, एकूण संख्या, भाषा, अंकाच्या प्रती, किंमत आणि प्रकाशनाचा महिना द्या. ‘काही कविता’ असं मोघम लिहिलं की उलट चौकशीतच दिवस जातात, म्हणून मार्चपर्यंत पत्र गेलेलं बरं. आधी भाषांतर करून मग परवानगी मागण्याची घाई करू नका. नकार आला तर मेहनत कपाटात पडते. कार्यक्रमात मूळ कवितेतला बेताचा भाग वाचून दाखवायला कायद्याची आडकाठी नाही.

यंदा परवानगी वेळेत मिळाली नाही, तर सरोजिनी नायडू घ्या. त्या १९४९मध्ये गेल्या, त्यामुळं हयातीत छापलेल्या त्यांच्या कविता २०१०पासून खुल्या आहेत. ‘द सेप्टर्ड फ्लूट’ (१९२८) या जिल्दीत त्यांचे तिन्ही संग्रह एकत्र मिळतात. पण काम वेगळं पडेल: तिथं वृत्त आणि यमक दोन्ही आहेत. ते मुक्तछंदात आणलं तर नुसते अलंकार उरतात. ओवी किंवा एखादी जाती, म्हणजे मात्रा मोजून बांधलेलं वृत्त, धरूनच बसा.