पाटी पुसली, तर मोटरची ओळख कशी पटवायची?

गेल्या अंकात मी यंत्रांवरच्या नेमप्लेटविषयी लिहिलं आणि शेवटी ‘काही अडलं तर कळवा’ म्हटलं. आलेल्या पत्रांपैकी तीन इथं घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की चिकलठाणा एमआयडीसीत माझं नेमप्लेटचं छोटं युनिट आहे. पंप, मोटरी, पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मरवर ज्या धातूच्या पाट्या असतात, त्या आम्ही करतो.

प्रश्न : आमची पाच एचपीची सबमर्सिबल मोटर जळाली. बोअरमधून काढली तर पाटीवरचं काहीच वाचता येईना. वायंडर (मोटरची जळालेली तार काढून नवी भरणारा) म्हणायलाय, ‘पाटी नसली तर अंदाजानं भरतो.’ भरू द्यावी का? आणि पाण्यात टिकंल अशी पाटी करत का नाहीत? (एक शेतकरी, ता. केज, जि. बीड)

उत्तर : दादा, आधी वायंडरला फोन करा आणि जुनी तार कापू नको म्हणून सांगा. पुढचं नंतर वाचलं तरी चालेल. तार किती गेजची, एका स्लॉटमध्ये वेढे किती, जोडणी कशी, हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं. ते जळालेल्या वायंडिंगमध्येच असतं आणि तेच मोजून घ्यायचं असतं. एकदा तार कापून भंगारात गेली की ते परत मिळत नाही. समोर उभं राहून मोजायला लावा, आकडे वहीत लिहा, मोबाइलवर फोटो काढा. चांगला वायंडर हे न सांगता करतो. तुमचा अंदाजाची भाषा करतोय, म्हणून एवढा आग्रह.

आता पाटी. पॉलिश पेपर, तेजाब, वायरब्रश यांतलं काही लावू नका. उरलंसुरलं अक्षर त्यातच जातं. कोमट पाणी, थोडा साबण आणि जुना टूथब्रश पुरे. पाटी पूर्ण वाळू द्या. मग खडूची पूड बोटानं चोळा आणि वरवर फडकं फिरवा. अक्षर कोरलेलं असेल तर खळग्यात पूड राहते आणि आकडे पांढरे दिसायला लागतात. तरी नाही दिसलं तर रात्री बॅटरी पाटीला अगदी आडवी धरा, उजेड तिरका पडला पाहिजे. शेवटचा उपाय म्हणजे पाटीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासायची. पंचानं ठोकलेला आकडा कागदावर हमखास उमटतो.

सिरियल नंबर बहुतेक वेळा असा ठोकलेला किंवा कोरलेला असतो, त्याचं कारण आमच्या धंद्यात आहे. कंपनीचं नाव, चिन्ह, ‘एचपी’, ‘हेड’, ‘अँपिअर’ हे शब्द हजारो पाट्यांवर एकदम छापले जातात आणि त्यांच्यासमोरच्या चौकटी कोऱ्या ठेवतात. मोटर टेस्टिंगमधून पास झाली की त्या मोटरचे आकडे चौकटीत पडतात. म्हणून छपाई उडाली तरी आकडे राहू शकतात. सिरियल नंबर मिळाला तर डीलरला द्या, मॉडेल कळायची चांगली शक्यता असते. स्टार्टरच्या पॅनेलवर आणि बिलावरही नजर टाका.

एक आकडा मात्र विसरू नका, हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो तो. तो मीटरमध्ये असतो आणि आपण बोअर फुटात मोजतो. ६० मीटर म्हणजे जवळपास २०० फूट. वायंडरला हेड लागत नाही, पण उद्या पंप बदलायची वेळ आली तर दुकानदार पहिला तोच विचारेल.

पाटी पुसली कशी, हे मला प्रत्यक्ष न पाहता नेमकं सांगता येणार नाही, पण कारणं साधारण ठरलेली असतात. मोटर चढवता-उतरवताना केसिंगला घासते, पाण्यातली बारीक वाळू घासत राहते. नुसती छपाई असेल तर ती आधी जाते. स्टीलच्या अंगावर ॲल्युमिनियमची पाटी लावली तर पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून बोअरच्या मोटरला स्टेनलेस स्टीलची एचिंग केलेली पाटी हवी, नाहीतर अक्षरं सरळ मोटरच्या अंगावर लेझरनं कोरलेली हवीत. एचिंगमध्ये ज्या भागाला धक्का लावायचा नाही तो शाईनं झाकतात आणि उघडा भाग फेरिक क्लोराइडनं खातात. मग खळग्यात रंग भरायचा. मला यात नेहमी बीदरची बिदरी आठवते. तिथं धातू छिन्नीनं कोरून चांदी बसवतात आणि किल्ल्यातल्या मातीनं उरलेला धातू काळा करतात. आम्ही चांदी भरत नाही, पण अक्षर धातूच्या आत बसलं पाहिजे ही ओढ तीच आहे.

जमिनीवरच्या मोटरीला एनोडाइज्ड ॲल्युमिनियम चांगलं चालतं, नीट केलेलं असेल तर. सौम्य गंधकाम्लात पत्रा बुडवून वीज सोडली की त्यावर बारीक छिद्रांचा कठीण थर धरतो, मायक्रॉनमध्ये मोजण्याइतका. त्या छिद्रांत रंग मुरतो आणि पुढं उकळत्या पाण्यात छिद्रं बंद करतात, त्याला सीलिंग म्हणतात. टाकीचं तापमान २० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं आणि आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२ असतं. माझ्याकडं टाकी थंड ठेवणारं यंत्र, चिलर, नव्हतं तेव्हाची गोष्ट. बर्फाच्या लाद्या डब्यात घालून टाकीत सोडायच्या आणि पहाटे चारला काम सुरू करायचं. एकदा ऑर्डर घाईची होती म्हणून दुपारीही चालू ठेवलं. चारशे पाट्यांचा थर मऊ, पिठासारखा आला. बोट फिरवलं की काळा रंग बोटाला. सगळ्या टाकून दिल्या. दुसरी अडचण पाण्याची. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, त्यात सीलिंग केलं की पाटीवर पांढरी भुकटी धरायची. डीएम, म्हणजे क्षार काढलेलं पाणी घ्यायला लागल्यावर ती थांबली. पाटी चांगली की वाईट, हे ग्राहकाला पहिल्या दिवशी दिसत नाही, चार उन्हाळ्यांनी दिसतं. म्हणून टाकीचं तापमान आणि सीलिंगचं पाणी, ही दोन कामं मी अजून स्वतः बघतो.

तुमच्या पत्रात विचारलेलं नाही, तरी सांगतो. रिवायंडिंग, म्हणजे नवी तार भरून झाल्यावर नवी पाटी करून घेणार असाल तर तिच्यावर खरे आकडे, ‘रिवायंड केलेली’ हे शब्द आणि तारीख टाका. कंपनीचं नाव टाकू नका, आणि जुनी पाटी काढूही नका. माझ्याकडं एकजण साडेसात एचपीच्या मोटरीसाठी पाच एचपीची पाटी मागायला आला होता. तेव्हा मीटर नसलेल्या शेतीपंपाचं बिल एचपीवर लागायचं, त्यात फरक पडायचा म्हणून. मी नाही म्हणालो. त्याच्या अडचणी मला दिसत होत्या, मीही शेतकऱ्याच्या घरचा. पण ६३ केव्हीएच्या डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर, पाच एचपीचे साधारण दहा पंप लावले की ती भरत आली असं समजा, एक पंप सहाएक केव्हीए ओढतो. त्यातले चार आतून साडेसातचे निघाले तर डीपी सत्तरच्या वर जाते. मग ऐन पाण्याच्या पाळीत डीपी जळते आणि दहाही शेतकरी अंधारात. खोट्या पाटीवरून हिशेब कोणी कसा करायचा?

प्रश्न : रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला आहे. भट्टीजवळच्या मोटरी आणि पॅनेलवरचे स्टिकर वर्षभरात सुटतात, पिवळे पडतात. काय लावावं? (जालना)

उत्तर : भट्टीच्या बाजूला स्टिकर लावूच नका. तिथं एचिंग केलेली स्टेनलेसची पाटी, चारही कोपऱ्यांत रिबिट मारून. डिंकावर काही सोडू नका. लांबच्या पॅनेलला पॉलिएस्टरचं लेबल चालेल, पण आधी पत्रा थिनरनं पुसून तेल काढा, लेबल दाबून बसवा आणि एक दिवस त्याला हात लावू नका. बहुतेक लेबलं डिंकामुळं नाही, खालच्या तेलामुळं सुटतात. बटणांच्या जागी पॉलिकार्बोनेट घ्या आणि छपाई मागच्या बाजूनं करून घ्या, म्हणजे बोटांनी ती झिजत नाही. आणखी एक, रंगकाम करणाऱ्यांना सांगून ठेवा की पाटीवर ब्रश फिरवायचा नाही. मोटरीबरोबर पाटीही हिरवीगार रंगवलेली मी कितीतरी ठिकाणी पाहिली आहे, आणि तो रंग खरवडताना अक्षरं जातात. पाटीवर ग्रीस लावून ठेवलं तर रंग पुसून निघतो.

प्रश्न : काका, माझा इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालाय. घरच्या शेडमध्ये नेमप्लेटचं काम सुरू करायचंय. एनोडायझिंगपासून सुरुवात करू का? (लातूर)

उत्तर : नको, ताई. एनोडायझिंग आणि एचिंगमधून ॲसिडचं आणि धातूचं सांडपाणी निघतं. त्याला प्रक्रिया लागते, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. घराच्या शेडमधून ते नालीत सोडलं तर पहिल्यांदा तुमच्याच बोअरमध्ये उतरेल. हे काम वाईट नाही, मी जन्मभर तेच केलं, पण त्याला वेगळी जागा हवी.

स्क्रीन प्रिंटिंगनं सुरू करा. लाकडी चौकट, ताणलेली जाळी, फिल्म, शाई आणि स्वच्छ हात, यावर पॉलिएस्टर आणि पॉलिकार्बोनेटची लेबलं होतात. खोलीत धूळ असली की काम बिघडतं, दार-खिडकीचं आधी बघा. जमलं तर पुढं फायबर लेझर मशीन घ्या. स्टेनलेसवर मार्किंग होतं, ॲसिड लागत नाही आणि दर पाटीवर वेगळा आकडा किंवा क्यूआर कोड टाकता येतो.

गिऱ्हाईक तुमच्या दारातच आहे. लातुरात दाल मिल आहेत, तेल गिरण्या आहेत. प्रत्येक मिलमध्ये पॅनेल आणि प्रत्येक पॅनेलवर वीस-पंचवीस बटणं. कुठलं बटण एलिव्हेटरचं आणि कुठलं चाळणीचं, ते बऱ्याच ठिकाणी मार्करनं लिहिलेलं असतं. एका मिलमध्ये जा, पॅनेलचा फोटो काढा, मराठीत नीट लेबलं करून एक संच मोफत लावून द्या. मराठीत म्हणतोय, कारण रात्रपाळीला बटण दाबणारा माणूस तेच वाचतो. ‘आणीबाणी बंद’ लाल जमिनीवर पिवळ्या मोठ्या अक्षरात करा आणि सगळ्यात आधी ते लावा. डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा आहे, तेव्हा लेबल चिकटवण्याआधी कुठल्या बटणानं काय चालतं हे ऑपरेटरला बरोबर घेऊन स्वतः तपासा. चुकीचं लेबल लावण्यापेक्षा जागा कोरी ठेवलेली बरी.