मालदीवला रात्री उशिरा उतरल्यावर रिसॉर्टपर्यंत सामान नेण्याची काय व्यवस्था असते?

तुम्ही लिहिलंय की मुंबईहून निघून रात्री साडेदहाच्या सुमारास मालेला उतरणार, सोबत सासू-सासरे, मोठ्या बॅगा पाच, आणि व्हाउचरवर फक्त ‘रिटर्न ट्रान्सफर इन्क्लुडेड’ एवढंच आहे. इतक्या रात्री सामान कोण उचलणार, बोटीत मावेल का, खोलीवर कधी मिळेल, हे तुमचे प्रश्न. मी काही वर्षं तिथल्या एका रिसॉर्टच्या एअरपोर्ट टीममध्ये होते. अरायव्हल हॉलमध्ये पाहुण्यांच्या नावाची पाटी धरून जे उभे असतात ना, त्यांच्यातली एक. त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने काय चालतं ते सांगते.

सामानाचं नंतर. आधी रिसॉर्टला आजच ईमेल करून विचारा की ट्रान्सफर कशाने आहे: स्पीडबोट, सीप्लेन, की देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. एजंटला नको, थेट रिसॉर्टला. कारण सीप्लेन रात्री उडत नाही. ही विमानं समुद्राच्या पाण्यावर उतरतात, तिथे धावपट्टीचे दिवे नसतात, पायलटला डोळ्यांनी लाटा आणि खडक दिसायला लागतात. मालदीव विषुववृत्ताला चिकटून असल्यामुळे सूर्य वर्षभर सहाच्या आसपासच मावळतो आणि अंधाराआधी विमान मुक्कामी पोहोचायला हवं. म्हणून दुपारी साधारण साडेतीननंतर उतरणाऱ्या पाहुण्यांना त्या दिवशीचं सीप्लेन मिळेलच असं धरून चालू नये. साडेदहाला उतरणाऱ्यांचा तर प्रश्नच नाही. तुमचं रिसॉर्ट सीप्लेनवालं निघालं तर ती रात्र विमानतळाजवळ काढायची आहे, आणि मग सामानाचं सगळं गणित बदलतं. हे विमानतळावर उतरल्यावर कळलेली माणसं मी काउंटरसमोर पाहिली आहेत. पहिल्या रात्रीच्या व्हिलाचे पैसे भरलेले, आणि आता वर हॉटेल शोधा.

स्पीडबोट असेल तर निश्चिंत. उत्तर आणि दक्षिण माले अटॉलमधली (अटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचा समूह; हे दोन विमानतळाच्या जवळचे) बहुतेक रिसॉर्ट्स रात्री उशिराही बोट पाठवतात, फक्त फ्लाइट नंबर त्यांच्याकडे आधी पोहोचलेला हवा. विमान लेट झालं तर बोट थांबते, पण त्याच बोटीने आणखी कुणी जाणार असेल तर तुम्हाला त्यांच्यासाठी थांबावं लागू शकतं. बोट खास तुमची की शेअर, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.

आता विमानतळावर. तुम्ही उतरणार तो वेलाना विमानतळ मालेत नाही, शेजारच्या हुलहुले बेटावर आहे. मालदीवचं घड्याळ आपल्या अर्धा तास मागे, तेवढं लक्षात ठेवा. भारतीयांना पर्यटनाचा व्हिसा पोहोचल्यावर फुकट मिळतो, पण ‘इमुगा’ नावाचा ऑनलाइन फॉर्म प्रवासाआधीच्या ९६ तासांत भरायचा असतो. तो फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट दिसल्या तर समजा चुकीच्या दारात आलात. फॉर्म भरल्यावर मिळणारे चौघांचे क्यूआर कोड एकाच्या फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा. रात्री एकदम चार-पाच विमानं उतरली की रांग लांबते, आणि त्या रांगेत वायफाय शोधत बसणाऱ्यांमुळे ती आणखी लांबते.

बेल्टवरून बॅगा घेतल्या की बाहेर पडण्याआधी त्या एक्स-रेमधून जातात. आपल्याकडच्या लोकांचा वेळ सगळ्यात जास्त इथे जातो. मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधून घेतलेली दारूची बाटली मालदीवमध्ये नेता येत नाही. ती ठेवून घेतात, पावती देतात, परत जाताना पावती दाखवून मिळते. बाटली बुडत नाही, पण रात्री अकराला त्या कागदपत्रात अर्धा तास सहज जातो आणि शेअर बोटीतले बाकीचे लोक तुमच्याकडे बघत बसतात. व्हेप तर नेऊच नका, नोव्हेंबर २०२४ पासून आणायलाच बंदी आहे. आणखी एक, सासूबाईंशी नीट बोलून ठरवा: पूजेची मूर्ती तिथल्या कस्टम्सच्या बंदी असलेल्या यादीत आहे. रोजची पूजा असेल तर देव यावेळी घरीच राहू देत. खाकरा, भाकरवडी, लाडू यांना कुणी अडवलेलं मी पाहिलेलं नाही. डुकराच्या मांसाचे पदार्थ चालत नाहीत. लोणच्याची काचेची बरणी मात्र नेऊ नका. कस्टम्सचं काही नाही, बोटीमुळे म्हणते. पुढे कळेल.

बाहेर आलात की रिसॉर्टच्या काउंटरांची रांग दिसेल, प्रत्येकाला नंबर असतो. तुमचा नंबर आधीच विचारून ठेवा. तिथपर्यंत ट्रॉली तुम्हीच ढकलायची. सासूबाईंना किंवा सासऱ्यांना चालायला त्रास असेल तर व्हीलचेअर एअरलाइनकडून तिकिटावरच मागून घ्या. ती रिसॉर्टची जबाबदारी नसते आणि ऐनवेळी मागितली तर वाट बघावी लागते.

काउंटरवर पोहोचलात की बॅगा तुमच्या हातातून जातात आणि त्यांना रिसॉर्टचा टॅग लागतो. माझं सगळ्यात ठाम सांगणं या मिनिटाबद्दल आहे. टॅग लागताना समोर उभे राहा. पाच बॅगा, पाच टॅग, प्रत्येकावर तुमचं नाव किंवा खोलीचा नंबर. मुंबईच्या एअरलाइनचे जुने टॅग आधीच फाडून टाका (मुंबईत चेक-इन करताना मिळालेल्या बॅगेच्या पावतीचा तुकडा मात्र जपून ठेवा, त्याचं काम पुढे सांगते). लहान पिशव्या, ड्यूटी फ्रीच्या थैल्या, सासऱ्यांची काठी, हे सगळं मोजायचं राहतं आणि नेमकं तेच मागे राहतं. एकूण किती नग आहेत ते टॅग लावणाऱ्या मुलाला तोंडी सांगा आणि त्याच्याकडून वदवून घ्या. आम्हाला त्याचा राग येत नसे, उलट बरं वाटायचं.

विमानतळासमोर रस्ता ओलांडला की लगेच धक्का. रात्री तिथे आठ-दहा रिसॉर्टच्या बोटी एकमेकींना लागून उभ्या असतात, प्रकाश बेताचा, आणि निम्म्या बॅगा काळ्या, चार चाकांच्या, एकाच मापाच्या. एका रात्री अशीच एक काळी बॅग शेजारच्या बोटीत चढली. त्या जोडप्याला त्यांच्या व्हिलात दुसऱ्याच कुणाचे डायव्हिंगचे बूट मिळाले आणि त्यांची बॅग दुसऱ्या बेटावर झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी बोटींच्या येण्याजाण्यात अदलाबदल झाली, पण पहिली सकाळ त्यांनी रिसॉर्टच्या दुकानातले टी-शर्ट घालून काढली, आणि तिथल्या दुकानातल्या टी-शर्टच्या किमती सांगत नाही. तेव्हा बॅगेच्या हँडलला काहीतरी भडक बांधा. जुन्या साडीची पट्टी उत्तम, रिबन गळून पडते. बॅग मोठ्या आकाराची असली तरी कडक पाठीपेक्षा कापडी असेल तर बोटीत नीट बसते, पण आहे ती न्या, त्यासाठी नवी घेऊ नका.

मावेल का? मावतं. स्पीडबोटीवर सहसा वजनाची बंधनं कडक नसतात, चौघांच्या पाच मोठ्या बॅगा ही काही विशेष गोष्ट नाही. बॅगा बोटीतली माणसं चढवतात, तुम्ही उचलायची नाही. धक्का आणि बोट यांत फट असते आणि बोट वरखाली होत असते, त्यामुळे चढताना दोन्ही हात रिकामे हवेत. सासूबाईंची पर्ससुद्धा तेवढ्यापुरती खलाशाकडे द्या, त्याच्या हाताला धरा आणि पाय टाका. त्या पोरांची सवय जबरदस्त आहे, त्यांच्यावर विश्वास ठेवा. काही रिसॉर्ट बोटीत चढतानाच बूट-चपला काढून पिशवीत ठेवायला सांगतात, ती पिशवीही तुमच्या नगांत मोजा.

एसटीत मागची सीट उडवते, बोटीत पुढची. वयस्कर माणसं मागे आणि मधल्या बाजूला बसवा. मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ, त्यात समुद्र खवळलेला असला की बोट लाटेवरून आपटत जाते. लोणच्याची बरणी फुटते ती इथे. मागच्या उघड्या भागात सामान ठेवलं असेल तर खारं पाणी उडतं, ताडपत्री असते पण तिच्या भरवशावर लॅपटॉप ठेवू नये. कपडेसुद्धा एका मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग बॅगेत भरा. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची असते, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नसतो. कुठली ती डॉक्टरांना विचारा, विशेषतः सासऱ्यांची बीपीची औषधं चालू असतील तर.

बेटावर पोहोचाल तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असेल. तुम्हाला बग्गीत बसवून व्हिलाकडे नेतात, सामान दुसऱ्या गाडीने मागून येतं. अर्धा तास लागतो, बोटीत दोन-तीन कुटुंबं असली तर जास्त. दिवसा हे कुणाला जाणवत नाही. रात्री एकला, घामेजलेल्या कपड्यांत, बॅगेची वाट बघत दारात बसणं फार त्रासाचं. म्हणून त्या रात्री लागणारं सगळं एका छोट्या पाठीवरच्या बॅगेत भरा आणि ती बॅग कुणालाही टॅग लावायला देऊ नका: दोन्ही ज्येष्ठांची औषधं (पूर्ण प्रवासाची, फक्त एका रात्रीची नव्हे), प्रिस्क्रिप्शन, पासपोर्ट, चष्मा, चार्जर, एक एक जोडी रात्रीचे कपडे, टूथब्रश, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रात उतरण्याचे कपडे. इन्सुलिन आणि पॉवर बँक तर विमानातही केबिनमध्येच लागतं. प्लगचा अडॅप्टरही यातच, कारण तिथे तीन चौकोनी पिनांचे ब्रिटिश पद्धतीचे सॉकेट असतात. रिसॉर्टमध्ये बहुतेकदा सर्व प्रकारचे चालतात, पण मुक्काम विमानतळाजवळच्या हॉटेलात पडला तर अडॅप्टर हवाच. थोडं खाणंही ठेवा. रात्री उशिरा रेस्टॉरंट बंद असतं आणि खोलीत मागवलं तर बिल वेगळं. आम्ही उशिरा येणाऱ्यांना सँडविच ठेवायचो, पण आधी कळवलं तरच, आणि शाकाहारी हवं हे वेगळं कळवावं लागतं.

बेल्टवर बॅग आलीच नाही तर? तर हॉलमधून बाहेर पडू नका. एअरलाइनच्या बॅगेज काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा, तिची प्रत घ्या, पत्ता म्हणून रिसॉर्टचं नाव द्या, आणि बाहेर आल्यावर रिसॉर्टच्या माणसाला त्या कागदाचा फोटो काढू द्या. बॅग दुसऱ्या दिवशी विमानाने आली की पुढे बोटीत चढवायचं काम तोच करणार असतो, त्याला नंबर माहीत नसेल तर बॅग विमानतळावरच पडून राहते. ज्या पावतीचा तुकडा जपा म्हटलं तो इथे लागतो. बॅग मोडून आली असेल तर मॉन्ट्रियल करारानुसार (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईचा करार) सात दिवसांत लेखी कळवावं लागतं, उशिरा आली असेल तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत. बोटीतून उतरल्यावर चाक तुटलेलं दिसलं तर एअरलाइन म्हणणार बोटीने तोडलं. त्यामुळे बेल्टजवळच पाचही बॅगांकडे एक नजर टाका आणि फोनवर फोटो घ्या.

आणि ट्रान्सफर सीप्लेनचं निघालं तर: हुलहुमाले हे विमानतळाला रस्त्याने जोडलेलं भराव घालून केलेलं बेट आहे, तिथे बरीच हॉटेलं आहेत आणि बहुतेक विमानतळावरून न्यायला गाडी पाठवतात. पाच बॅगा आणि चार माणसं आहेत हे सांगून मोठी गाडी मागा. सीप्लेनवर माणशी वीस किलो सामान आणि पाच किलो हातातलं, एवढीच सवलत. सकाळी दोन्ही काट्यावर चढतं, जास्तीच्या प्रत्येक किलोला पैसे पडतात. विमान छोटं, पंधराएक माणसांचं, त्यामुळे पैसे भरूनही एखादी बॅग पुढच्या विमानाने येऊ शकते. आंतरराष्ट्रीय तिकिटावर तीस किलो मिळालेत म्हणून तीस किलो भरणारे इथेच अडकतात. तुम्हा चौघांचे मिळून ऐंशी किलो, त्यात पाच बॅगा म्हणजे प्रत्येकी सोळा. घरी काट्यावर बघूनच निघा. रात्रीचं सामान असलेली छोटी बॅग हॉटेलवर उघडा, मोठ्या पाच उघडूच नका.

टिप द्यावी का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण सगळे विचारतात. सक्ती नाही. बॅगा खोलीवर आणून देणाऱ्याला दोन-तीन डॉलर दिले तर तो खूश असतो. सुट्या एक-एक डॉलरच्या नोटा मुंबईतच घेऊन ठेवा, रात्री एकला शंभरची नोट कुणी मोडून देत नाही.

परतीच्या दिवशी बॅगा निघण्याच्या बऱ्याच आधी खोलीतून उचलतात. काही रिसॉर्ट आपलं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, त्यामुळे ‘साडेआठला बॅगा तयार ठेवा’ असा निरोप आला की विचारा, कुठले साडेआठ. बाटलीची पावती त्या मोठ्या बॅगेत जाऊ देऊ नका.

रिसॉर्टचं उत्तर आलं की इथेच लिहा. बोट आहे की सीप्लेन ते कळलं तर सासऱ्यांना कुठे बसवायचं आणि कुठली बॅग आधी उतरवून घ्यायची, तेही सांगते.