किल्लीला एकच खिळा

परवा चोडणहून रायबंदरला येताना फेरीबोटीत छत्री राहिली आणि दिवसभर तू स्वतःला बोल लावत बसलीस, ते मला बघवलं नाही. तुझं डोकं शाबूत आहे गं. छत्री कठड्याला अडकवताना लक्ष मोबाईलमध्ये होतं. मनात नोंदच झाली नाही, तर आठवणार कुठून? म्हणून वस्तू ठेवताना तोंडाने म्हण, ‘छत्री कठड्याला लावली.’ सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल, तरी म्हण. मी वीस वर्षं म्हणतेय.

किल्लीला एकच खिळा. आमचा दारामागे आहे, किल्लीला लाल दोरा. हातात बाजाराच्या चार पिशव्या असल्या तरी आधी किल्ली खिळ्याला, मग पिशव्या खाली.

कामं वेळेला नको, जागेला बांध. ‘संध्याकाळी गोळ्या आणायच्या’ हे निसटतं. ‘म्हापसा स्टँडवर उतरले की आधी फार्मसी’ हे टिकतं.

नव्या ऑफिसातली नावं त्याच रात्री एकदा आठवून बघ. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच दाखवलं होतं की शिकलेलं सगळ्यात वेगाने पहिल्या काही तासांत पुसलं जातं.

झोप मात्र पुरी घे. आणि सतत थकवाही वाटत असेल तर डॉक्टरांना विचारून बी-१२ आणि थायरॉईड तपासून घे. त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं, आणि त्यावर औषध आहे. शुक्रवारी बाजाराला येशील तेव्हा रिपोर्ट घेऊन घरी ये, बसून बघू.