आरोग्य विम्याची सक्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकेतली विम्याची सक्ती २०१७ सालीच गेली असं सगळे सांगतात. मग न्यू जर्सीच्या टॅक्स रिटर्नमध्ये विम्याची माहिती का विचारतात? आम्ही दोघं आणि एक मुलगी. ग्रीन कार्ड आहे. नोकरी सुटल्यामुळे ३१ मे रोजी विमा संपला, नव्या नोकरीतला १ ऑक्टोबरला सुरू झाला. — एक वाचक, एडिसन

केंद्राने सक्तीचं कलम काढलं नाही, फक्त दंड शून्यावर आणला. तो निर्णय डिसेंबर २०१७ मधल्या करकायद्याचा. लागू झाला २०१९ पासून. न्यू जर्सीने त्याच वर्षापासून स्वतःचा दंड सुरू केला. कॅलिफोर्निया आणि ऱ्होड आयलंड २०२० मध्ये मागोमाग आले. मॅसॅच्युसेट्सचा कायदा तर २००६ चा, म्हणजे देशभर सक्ती आणणाऱ्या ओबामांच्या कायद्याच्याही आधीचा.

दंड महिन्यांवर मोजतात. महिन्यात एक दिवस जरी विमा असला तरी तो पूर्ण महिना धरला जातो. तुमचे जून ते सप्टेंबर हे ४ महिने कोरे गेले. प्रौढाला वर्षाला किमान ६९५ डॉलर आणि मुलाला त्याच्या निम्मे या दराने तिघांचे १,७३७.५० होतात, त्यातले ४ महिन्यांचे सुमारे ५७९ डॉलर. मात्र ही किमान रक्कम. कर भरण्याच्या मर्यादेवरच्या उत्पन्नाच्या २.५ टक्के जास्त होत असतील तर ते लागतात. वरची मर्यादा राज्यातल्या ब्राँझ (कमी हप्त्याच्या) योजनेच्या सरासरी हप्त्याची. तीन महिन्यांहून कमी खंडाला सूट आहे, पण चार महिन्यांचा खंड तिच्यात बसत नाही, आणि मग पहिले दोन महिनेसुद्धा माफ होत नाहीत. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. रिटर्नसोबत एनजे-एचसीसी हे परिशिष्ट भरा, सवलतीच्या यादीत तुम्ही कुठे बसता का ते आधी तपासा आणि विमा असल्याचा पुरावा म्हणून आलेला १०९५ फॉर्म जपून ठेवा.

पुन्हा अशी वेळ आली तर नोकरी सुटल्याचं कळताच, जुना विमा चालू असतानाच, राज्याच्या विमा बाजारात (वैयक्तिक विमा विकत घेण्याच्या सरकारी संकेतस्थळावर) अर्ज करा. विमा संपण्याआधी आणि नंतर ६०-६० दिवसांची मुदत मिळते. योजना निवडल्यावर विमा पुढच्या महिन्याच्या एक तारखेला सुरू होतो, म्हणून ३१ मे च्या आत निवडली असती तर खंड पडलाच नसता. दुसरा मार्ग कोब्राचा, म्हणजे जुन्या कंपनीचीच योजना स्वखर्चाने चालू ठेवण्याचा. तिचा हप्ता पूर्ण खर्चाच्या १०२ टक्क्यांपर्यंत जातो, त्यामुळे महाग पडते; पण ती निवडायला ६० दिवस मिळतात आणि विमा मागच्या तारखेपासून लागू होतो. मधल्या काळात कुणी आजारी पडलं तर हा मार्ग घर वाचवतो. खरी भीती दंडाची नाही, इस्पितळाच्या बिलाची आहे.

प्रश्न : विमा घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. सरकारने दंड लावणं जुलूम नाही का? — एक वाचक, पुणे

हा आक्षेप थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सरकार आज विमा घ्यायला लावतं, उद्या ब्रोकोली घ्यायला लावेल का, असं न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी सुनावणीत विचारलं. २८ जून २०१२ रोजी निकाल ५ विरुद्ध ४ असा लागला. व्यापाराचं नियमन म्हणून ही सक्ती करता येत नाही, पण कर म्हणून दंड आकारता येतो, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ठरवलं. विशेष म्हणजे ही कल्पना १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारसंस्थेने मांडली होती, रिपब्लिकन गव्हर्नर रॉम्नी यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये ती कायद्यात आणली, आणि २००८ च्या प्रचारात खुद्द ओबामा प्रौढांवरच्या सक्तीच्या विरोधात होते. तेव्हा हा डाव्या-उजव्यांचा सरळ झगडा कधीच नव्हता.

आमचं मत सक्तीच्या बाजूचं आहे, आणि कारण न्यू जर्सीतच सापडतं. तिथे १९९० च्या दशकात कायदा झाला, की आजारी माणसालाही कंपनीने विमा नाकारता कामा नये. सक्ती मात्र नव्हती. त्यामुळे धडधाकट लोक थांबून राहिले, आजारी तेवढे आले, हप्ते चढले. हप्ते चढल्यावर आणखी निरोगी लोक बाहेर पडले. वैयक्तिक विम्याचा बाजार आक्रसत गेला. विमा नाकारायची मनाई हवी असेल तर निरोगी माणसाला आत ठेवण्याची सोय करावीच लागते.

पण विरोधकांचा एक मुद्दा खरा निघाला, तो मान्य करायला हवा. दंड शून्य झाल्यावर बाजार कोसळेल ही भीती खरी ठरली नाही. उलट २०२१ मध्ये हप्त्यासाठीचं सरकारी अनुदान वाढल्यावर देशभरच्या विमा बाजारांतली नोंदणी वाढत गेली आणि २०२४ साठी २ कोटींच्या वर पोचली. ज्याला हप्ता परवडतच नाही त्याच्यावर दंड लादणं अन्यायच आहे. अनुदान आधी, सक्ती नंतर.

प्रश्न : आम्ही दोघं पासष्टीच्या पुढचे. मुलीकडे सॅन होजेला सहा महिने पर्यटक व्हिसावर जात आहोत. कॅलिफोर्नियाची सक्ती आम्हाला लागू आहे का? इथली मेडिक्लेम चालेल? — एक वाचक, नाशिक

पर्यटक म्हणून गेलेल्या, तिथे उत्पन्न नसलेल्या माणसाला तो दंड लागत नाही. मात्र इथली नेहमीची मेडिक्लेम सहसा भारताबाहेरचा खर्च देत नाही. आपल्या पॉलिसीतलं ते कलम वाचून घ्या. प्रवासी विमा घ्याच, पण 'फिक्स्ड बेनिफिट' प्रकारचा नको. त्यात प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कम मिळते आणि तिथल्या बिलापुढे ती अगदी तोकडी पडते. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' घ्या आणि चार गोष्टी तपासा : डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) किती, रुग्णालयांचं नेटवर्क कोणतं, तुमच्या वयाला कमाल रक्कम किती, आणि जुन्या आजाराने अचानक उचल खाल्ली तर काय मिळतं. रक्तदाब-मधुमेहवाल्यांचे दावे बहुधा या शेवटच्या कलमावर अडकतात. प्रस्तावात आजार लपवू नका. नेहमीच्या तपासण्या या विम्यात येत नाहीत. त्या निघण्यापूर्वी उरकून घ्या आणि लागणारी औषधं, इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह, हातातल्या बॅगेत ठेवा.