आजी-आजोबा शाळेत येणार म्हणतेस, तर हे वाच

अगं,

तुझा मेसेज वाचला. रिटायर्ड मंडळी तुमच्या स्पेशल स्कूलमध्ये यायला तयार झालीयेत म्हणून तू खूश आहेस आणि टेन्शनमध्येही, दोन्ही बरोबरच आहे. पण त्यांना शिकवायला बोलवू नकोस हं, त्यासाठी तुम्ही ट्रेनिंग घेतलेल्या बाया आहात ना. त्यांच्याकडे वेळ आहे, जो तुमच्याकडे नाही. वर्ग सांभाळताना एका पोराने शर्टाच्या बटणाला पंधरा मिनिटं लावली की तुझी घालमेल होते, आजोबांना कुठे जायचंय?

फक्त ही नातवंडांना भरवून वाढवलेली माणसं, त्यामुळे पोराचा हात जरा अडखळला की आजी स्वतःच बटण लावून मोकळ्या. म्हणून पहिल्याच दिवशी शेवटून सुरू करायची पद्धत करून दाखव. बटण काजातून अर्धं बाहेर काढून द्यायचं, मुलाने फक्त शेवटचं ओढायचं, ते जमायला लागलं की एक पायरी मागे यायचं, म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद दर वेळी पोरालाच मिळतो. आणि एकदा सांगितलं की मनात दहापर्यंत मोजायचं, मधे बोलायचं नाही. निवृत्त हेडमास्तरांना हेच सगळ्यात जड जातं बघ.

शक्यतो एका माणसाला एकच मूल, ठरलेला वार, ठरलेली जागा. ऑटिझमच्या बऱ्याच मुलांना अचानक कोणी गालगुच्चा घेतला की सहन होत नाही, हे प्रेमळ आज्यांना आधीच सांग, नंतर वाईट वाटतं. सोळा वर्षांच्या मुलाला 'बाळ' म्हणायचं नाही. पोलीस व्हेरिफिकेशन कर, बसायचं ते सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी, टॉयलेटला फक्त स्टाफ नेणार. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, 2012 पासून आहे आणि आजोबा कितीही सज्जन असले तरी नियम सगळ्यांना सारखाच, कोणाला राग आला तर येऊ दे.

फिट आली तर काय, हे प्रत्यक्ष करून दाखव, कारण त्या पिढीच्या डोक्यात अजून कांदा आणि चप्पल हुंगवणं पक्कं बसलंय. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांवर गेली तर थेट हॉस्पिटल.

आता अवघड गोष्ट. ही मंडळी मधेच गायब होतात, कोणाचा गुडघा, कोणी लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेला, आणि इकडे पोरगं दर मंगळवारी गेटकडे बघत बसतं. त्याला नुसतं 'येतील हं' सांगू नका. कॅलेंडरवर आजोबांचा फोटो चिकटवून कुठल्या दिवशी येणार नाहीत त्यावर फुली मारा, जायच्या आधी दोनतीन आठवडे सांगायला लागा, जमलं तर तिथून व्हिडिओ कॉल. कायमचे गेले तर तेही सरळ शब्दांत सांगायचं, 'देवाघरी फिरायला गेले' असलं काही नको, ती मुलं शब्दशः घेतात आणि परत यायची वाट बघतात.

आणि हो, रिक्षाभाडं दे. ट्रस्टी कुरकुरतील की सेवेला कसले पैसे, तर त्यांना सांग, अमेरिकेत 1965 पासून सरकारचा फॉस्टर ग्रँडपेरेंट प्रोग्राम चालतो, त्यात अशाच मुलांना वेळ देणाऱ्या कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांना ठरलेला छोटा भत्ता मिळतो. पेन्शन नसलेल्या, स्वयंपाकाची कामं करून म्हाताऱ्या झालेल्या बायका इच्छा असूनही येत नाहीत त्या याच खर्चापायी. त्यांना आधी गाठ, बँकवाले काका काय, आपणहून येतील.

— तुझी जुनी बाई