२१२ भाग शिल्लक

प्रिय मित्रा,

तुझ्या फोनचा स्क्रीनशॉट मिळाला. चौदा पॉडकास्ट, २१२ भाग ऐकायचे शिल्लक, आणि खाली तुझी ओळ: "सर, आणखी कुठले ऐकू? आणि हे संपवायचे कसे?" दोन्ही प्रश्न एका दमात विचारलेस म्हणून आधी हसलो. मग जरा कसंतरीच झालं, कारण दहा वर्षांपूर्वी माझा फोन असाच दिसायचा.

डोंबिवलीहून ठाणं, तिथे जिना चढून-उतरून ऐरोलीची गाडी, मग ऑफिसपर्यंतची चाल. जाऊन-येऊन तुझे दोन तास सहज जातात. एक हात वरच्या कडीला आणि पाठीवरची बॅग पोटाशी धरून उभ्या माणसाला पुस्तक उघडता येत नाही, ऐकता मात्र येतं. तेव्हा ऐकू नकोस असं मी म्हणणार नाही. पण यादी मागितलीस ती आज देत नाही. त्याऐवजी माझीच एक गोष्ट सांगतो. फारशी अभिमानाची नाही.

२०१७ सालची ३१ जानेवारी. गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा, दमलेल्या अवस्थेत, चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. चूक लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार उरले होते. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची पूर्ण नक्कल, तयारच होत नव्हता, कारण डेटाबेसची आवृत्ती एक आणि डंप घेणाऱ्या प्रोग्रॅमची दुसरी. तो फसल्याच्या ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हत्या. सहा तासांपूर्वी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची जशीच्या तशी प्रत, हाती लागला, त्यावर निभावलं. कंपनीने लपवाछपवी केली नाही, दुरुस्तीचं काम चक्क यूट्यूबवर थेट दाखवलं.

या प्रकरणावरची चर्चा मी लोकलमध्ये ऐकली, दीडपट वेगाने. मान डोलावली. ऑफिसखालच्या टपरीवर चहा पिताना चौघांना रंगवून सांगितलीसुद्धा. "बॅकअप नुसता घेऊन काय उपयोग, तो परत चढवून बघायला हवा," हे अगदी ठासून. मग वर जाऊन जागेवर बसलो आणि मेल वाचायला लागलो.

त्याच वर्षी पावसाळ्यात आमच्या एका छोट्या डेटाबेसची डिस्क गेली. (कंपनीचं नाव विचारू नकोस, मी ती सोडून जमाना झाला.) बॅकअपचं फोल्डर उघडलं. रात्री दोनची एकेक फाइल, तारखेवार, शाळेच्या रांगेसारखी उभी. जिवात जीव आला. मग आकाराच्या रकान्याकडे लक्ष गेलं. प्रत्येक फाइलपुढे २० बाइट. पाइपमधून (एका प्रोग्रॅममधून निघालेलं थेट दुसऱ्यात सोडणारी जोडणी) काहीच आलं नाही तरी जीझिप हा फाइल आवळणारा प्रोग्रॅम बरोबर वीस बाइटचं टरफल तयार करून ठेवतो, हे ज्ञान मला त्या सकाळी झालं. मधे कधीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता आणि तेव्हापासून डंप रोज फसत होता. पण डंपचं तोंड जीझिपला जोडलेलं, आणि शेल, म्हणजे कमांडी चालवणारा प्रोग्रॅम, पाइपमधल्या शेवटच्या कमांडचाच निकाल धरतो. जीझिप पास, म्हणून सगळी स्क्रिप्ट पास. वर 'सेट -ओ पाइपफेल' (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तर सगळंच नापास धर) एवढी एक ओळ असती तर पहिल्याच रात्री बोंब झाली असती. दोन सहकारी आणि मी, आम्ही पंधरा दिवस कागदी चलनांवरून नोंदी पुन्हा भरत बसलो. त्यातली एक मुलगी लग्नाची रजा पुढे ढकलून आली होती. तिच्याशी नजर मिळवणं कठीण जायचं.

कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच. कानावाटे गोष्ट आत गेली की ती समजल्याचं समाधान तिथल्या तिथे मिळतं, आणि हात खिशातच राहतात. टपरीवर भाषण ठोकल्यावर तर मला ते काम करून झाल्यासारखंच वाटलं होतं.

आता तुझ्या यादीकडे येऊ. चौदापैकी सहा प्रॉडक्टिव्हिटीचे आहेत, आणि या जमातीबद्दल मी थोडा खवचट आहे हे तुला माहीतच आहे. त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं असं नाही. डोक्यातलं सगळं कागदावर उतरवायचं, प्रत्येकापुढे पुढची नेमकी कृती लिहायची, आठवड्याला एकदा यादी चाळायची. डेव्हिड ॲलन २००१ पासून हेच सांगतोय आणि ते उपयोगी आहे. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास सुरू केला, ती पंचवीस मिनिटांची रीतही चांगली. पण हे सगळं दोन भागांत संपतं. दर आठवड्याला नवा भाग काढायचा तर मग नवं ॲप, नवी वही, पहाटे उठण्याचं नवं वेळापत्रक, आणि मधे गादीची जाहिरात. शिवाय ही माणसं बहुधा स्वतःच्या कॅलेंडरची मालक असतात. तुझा दिवस तुझा मॅनेजर आणि मध्य रेल्वे मिळून ठरवतात.

या क्षेत्रातला मला आवडणारा माणूस म्हणजे मर्लिन मान. 'इनबॉक्स झीरो', म्हणजे मेलचा ढीग आवरून रिकामा ठेवणं, हा शब्द त्याचा. त्यावर पुस्तक लिहिण्याचा करारही झाला होता. २०११ मध्ये त्याने एक लांबलचक टिपण लिहिलं, त्यात या पुस्तकापायी लहान मुलीसोबतचा वेळ हातून जातोय याची कबुली होती. ते पुस्तक आलंच नाही. मला त्या माणसाचा आदर तिथे वाटायला लागला.

वेगाचंही सांगतो. गप्पांचे कार्यक्रम खुशाल दीडपट ऐक. पण कुणी एखादी रचना समजावून सांगत असेल तर साध्या वेगाने ऐक, आणि बोलण्यातल्या शांत जागा कापणारी सोय बंद ठेव. ओव्हरकास्ट या पॉडकास्ट ॲपमध्ये ती 'स्मार्ट स्पीड' नावाने असते. बोलणारा थांबतो तेवढ्यात आपण चित्र जुळवत असतो, आणि ती सोय नेमकी तीच जागा खाते.

बरं, अगदी एकही नाव दिलं नाही तर रुसशील. 'सिक्युरिटी नाऊ' हा संगणक-सुरक्षेवरचा पॉडकास्ट ऐक. स्टीव्ह गिब्सन २००५ च्या ऑगस्टपासून दर आठवड्याला करतोय. भागांना तीनच आकडी क्रमांक धरलेले, म्हणून ९९९ला थांबेन म्हणायचा. मग विचार बदलला आणि २०२४ मध्ये हजारावा भाग केला. तो दोन-दोन तास बोलतो आणि मधेच स्वतःच्या आवडीच्या विज्ञानकथांवर घसरतो, ते सोसावं लागतं. पण एखादी त्रुटी हाती घेतली की अगदी बाइटपासून उलगडतो. प्रत्येक भागाचं लिखित रूप त्याच्या साइटवर मिळतं. मी आधी ते चाळतो, कामाचा तुकडा दिसला तरच ऐकतो. कार्यक्रमामागे धावण्यापेक्षा हे बरं पडतं: हातात अडलेलं काम असावं आणि त्यासाठी भाग शोधावा.

त्या २१२चं काय, तर 'सगळे ऐकले' अशी खूण कर आणि मोकळा हो. बहुतेक कुठे जात नाहीत ते, त्या-त्या कार्यक्रमाच्या फीडमध्ये पडून असतात. त्याआधी पॉडकास्टची यादी ओपीएमएल फाइलमध्ये (दुसऱ्या ॲपलाही वाचता येते अशी यादीची फाइल) काढून ठेव. २०२४ मध्ये गूगलने आपलं पॉडकास्ट ॲप बंद केलं तेव्हा ही फाइल काढलेल्यांनी दुसऱ्या ॲपवर बिऱ्हाड सहज हलवलं.

आणि ऑफिसातून परतताना कानात काही घालू नकोस. निदान महिनाभर. सुरुवातीला फार कंटाळा येईल, तो येऊ दे. माझ्या कितीतरी अडलेल्या क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) मुंब्र्याच्या बोगद्यात सुटल्या आहेत.

एक काम देतो. तुमच्या टेस्ट सर्व्हरवर कालचा बॅकअप चढवून बघ. आधी फाइलचा आकार बघ, मग चढव, मग कुठल्याही एका टेबलातल्या ओळी मोज. परवानगी लागेल, ती मागताना तुझा लीड कपाळाला आठ्या घालेल. माझं नाव सांग. रविवारी घरी येशील तेव्हा किती मिनिटं लागली तेवढा आकडा घेऊन ये. यादीचं मग बघू.

तुझा,
(ज्याला तू अजून 'सर' म्हणायचं सोडत नाहीस तो)